काकांचं रिव्हॉल्व्हर आणि राहून गेलेला गुरुवार

काका,

तुमच्या फ्युनरलला जे कुणी बोलले ते सगळे तुमच्या हातांबद्दल बोलले. हॉस्पिटलमधल्या एका जुन्या नर्सने सांगितलं की तुम्ही मोडलेलं हाड बसवायला घेतलंत की ज्युनिअर डॉक्टर मागे दाटीवाटीने उभे राहायचे. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, असे हात पुन्हा होणे नाही. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही, ते बरंच झालं. कारण तुमच्या हातांबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, आणि रडू येत असतानाही माझ्या मनात तुमच्याविषयी संशय होता. गेलेल्या माणसावर असा संशय धरावा की नाही, मला कळत नाही. विचारू कुणाला? म्हणून तुम्हालाच विचारते आहे.

तुमची माझी ओळख पप्पांनी करून दिली. मला युनिव्हर्सिटीत सोडायला ते कॉव्हेंट्रीहून साउथहॅम्प्टनला आले, तेव्हा आधी तुमच्या घरी घेऊन गेले. मंडळातल्या कुणीतरी तुमचं नाव सुचवलं होतं. पप्पा बस चालवतात. डॉक्टरांच्या सोफ्यावर ते अगदी कडेला बसले, जणू कुणी येऊन उठवणार आहे. "आमच्यात कॉलेजात जाणारी ही पहिलीच," ते म्हणाले, "तुमचं लक्ष असू द्या." तुम्ही म्हणालात, "रविवारी जेवायला पाठवत जा, लक्ष आपोआप राहील." काकू आतून ओरडल्या, "आणि हे काय शिकवतील त्यातलं अर्धंच ऐकायचं!"

दोन वर्षं मी रविवारी तुमच्याकडे जेवले. तुम्ही मला 'इंजिनिअरबाई' म्हणायचात. मला ते फार आवडायचं. मी अजून इंजिनिअर झाले नव्हते, आणि बाई तर नव्हतेच.

या वर्षी फेब्रुवारीत काकू देवळात गेल्या असताना तुम्ही मला कन्झर्व्हेटरीत, त्या बागेकडच्या खोलीत, बोलावलंत आणि दार लावून घेतलंत.

"इंजिनिअरबाई, एक टेक्निकल काम आहे. एल्क माहितीये?"

"हरीण?"

"हरीण! अगं, सांबराच्या दुप्पट जनावर. अमेरिकेत एक रँच आहे, शिकारीसाठी राखलेलं रान. पुढच्या शरद ऋतूत जाणार. रायफलने नाही मारायचं. रिव्हॉल्व्हरने."

तुम्ही हॅम्पशरच्या रानात रायफल घेऊन हरणांच्या शिकारीला जायचात हे मला ठाऊक होतं. मांस घरात आणायचं नाही या एका अटीवर काकूंनी ते वर्षानुवर्षं चालू दिलं होतं. पण रिटायर झाल्यावर त्यांनी तुमच्याकडून शिकार सोडण्याचा शब्द घेतला होता, हेही मला माहीत होतं, कारण तो शब्द तुम्ही माझ्यासमोर दिला होतात. मी तसं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "शब्द रायफलचा होता." आणि हसलात. मीही हसले. ते हसणं आता आठवलं की वाटतं, तिथेच मी उठायला हवं होतं.

या देशात रिव्हॉल्व्हर घेऊन कुणी शिकारीला जात नाही, कायदाच तसा आहे. रँचवाले त्यांच्याकडचं देणार होते. त्यांचा एकच प्रश्न होता: कोणतं रिव्हॉल्व्हर आणि कोणतं काडतूस तयार ठेवू? ते मी ठरवायचं होतं. म्हणजे मी वाचायचं, गणित करायचं, आणि तुम्ही भांडायचं.

मी मनापासून वाचलं, काका. कुणीतरी माझ्या शिक्षणावर विसंबून काही विचारतं आहे, असं पहिल्यांदाच होत होतं. मी तुम्हाला सांगितलं की चव्वेचाळीस मॅग्नमचं काडतूस पुरेसं आहे. गोळी जड घ्यायची, कडक शिशाची, पुढून चपट्या नाकाची. ती उमलत बसत नाही, सरळ आत जाते. पोकळ टोकाची गोळी रुंद होते आणि एवढ्या मोठ्या जनावरात अर्ध्या वाटेत थांबू शकते. शिवाय त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये त्याच जाडीचं आखूड, सौम्य काडतूस चालतं, म्हणजे तिथे पोहोचल्यावर आधी त्याने सराव करता येईल.

तुम्हाला पाचशे मॅग्नम हवं होतं. अर्धा इंच जाडीची गोळी, पाचच काडतुसं बसतात, आणि वजन दोन किलोच्या आसपास.

"खांद्याचं हाड फोडून आत गेली पाहिजे," तुम्ही म्हणालात. "हाडं मला शिकवू नकोस."

"काका, हाड चव्वेचाळीसनेही फुटतं. प्रश्न नेमाचा आहे. पाचशेचा धक्का दुपटीहून जास्त आहे. पहिल्या गोळीनंतर हाताला त्याची धास्ती बसते. मग चाप ओढायच्या आधीच मनगट दचकतं आणि गोळी खाली जाते. पोटात लागली तर?"

"नाही लागणार."

"किती अंतरावरून मारणार?"

"शंभर यार्ड."

"पन्नास. त्यापुढे नाही. नाहीतर मी गणित करणार नाही."

"अगं, पन्नासवर तर तो माझं नाव विचारेल!"

या भांडणात मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण एक प्रश्न तुम्ही दर वेळी टाळलात. रायफलने दुरून, टेकून, स्वच्छ मारता येतं. मग हे रिव्हॉल्व्हर कशाला? एकदा म्हणालात, जवळ जाण्यातच खरी शिकार आहे. एकदा म्हणालात, एका मित्राला दाखवायचंय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विषय बदललात.

मग तो बेसनाचा दिवस आला. काकू वेम्बलीच्या देशी दुकानातून बेसनाच्या दोन किलोच्या पिशव्या आणायच्या. त्यातली एक कन्झर्व्हेटरीत आणून तुम्ही दोन्ही हातांनी समोर धरलीत. "हे बघ पाचशेचं वजन. काय अवघड आहे?" पिशवीचा वरचा कोपरा हलत होता. थोडासा नाही, चांगला हलत होता. मी बघितलं. मी बघितलं हे तुम्ही बघितलंत. पिशवी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "चहा टाक."

त्या दिवसापासून मला वाटत आलंय की मला उत्तर सापडलं. रायफलच्या दुर्बिणीत हाताचा कंप लपत नाही. हलकं रिव्हॉल्व्हर धरलं तरी दिसतो. पण पाचशे हातात घेतलं की तरण्या गड्याचाही हात थरथरतो. तिथे कुणी तुमच्याकडे बघून काही ओळखलं नसतं. तुम्ही एल्कसाठी काडतूस निवडत नव्हतात, काका. असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ करा. पण चुकत नसेन तर मग तुम्ही मला काय करायला लावत होतात? एका जनावराचा जीव आणि तुमचा मान यातलं गणित?

यानंतर जे झालं ते माझ्या भाबडेपणाने झालं. हॉस्टेलवर प्रिंटर नव्हता, म्हणून मी लायब्ररीत काडतुसांचे तक्ते छापले. त्यांच्या मार्जिनमध्ये पेनाने मराठीत नोंदी केल्या आणि त्यातली दोन पानं स्कॅन करायला परत प्रिंटरवर ठेवून तिथेच विसरले. पहिल्या पानावर माझा स्टुडंट नंबर होता. युनिव्हर्सिटी म्हणजे काहीही वाचायची जागा असं मला वाटायचं. आमच्यापैकी कुणी आधी तिथे गेलंच नव्हतं, तर वेगळं कोण सांगणार?

सेफगार्डिंग ऑफिसमधून, म्हणजे कुणा विद्यार्थ्याला किंवा त्याच्यापासून धोका आहे का ते बघणाऱ्या ऑफिसमधून, ईमेल आला. हेलन नावाच्या बाई होत्या, बोलायला गोड. टेबलावर माझी पानं ठेवलेली.

"या लिपीत काय लिहिलंय, सांगशील?"

मी खरं ते सांगितलं. लिहिलं होतं, 'खांदा की छाती? काकांना विचारणे.' इंग्रजीत म्हटल्यावर ते माझं मलाच भयंकर वाटलं.

"हे अंकल कोण?"

"फॅमिलीतले आहेत. शिकारीला जाणार आहेत. अमेरिकेत."

"डॅडचे भाऊ?"

"नाही."

"मग ममचे?"

"नाही. ते मामा झाले असते."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "म्हणजे ते तुझे अंकल नाहीत."

"आहेत."

"नात्याने?"

"नात्याने नाही. पण आहेत."

"ओके. वयाने मोठे, नात्यातले नाहीत, आणि तुला सगळ्यात पॉवरफुल हँडगनची माहिती काढायला सांगतात. त्यांचं नाव काय?"

आणि मी नाव सांगितलं नाही. मला आधी तुम्हाला विचारायचं होतं. मोठ्या माणसाचं नाव त्याला न विचारता असं ऑफिसात द्यायचं नाही, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही, ते असतंच. मी म्हणाले, "ते स्वतः येऊन सांगतील." हेलनबाईंनी शांतपणे सांगितलं की पुढच्या भेटीत तरी नाव कळायला हवं, नाहीतर त्यांना हे पोलिसांकडे पाठवावं लागेल. आणि तोवर माझ्या प्लेसमेंटसाठी युनिव्हर्सिटीचा रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र, देता येणार नाही. जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतलं माझं एक वर्ष त्या रेफरन्सवर अडकलं होतं.

मी पप्पांना फोन केला. ते ओरडले, "नाव सांगून मोकळी हो! डॉक्टर आहेत ते, त्यांना काय होतंय? होणार ते आपल्याला!" मागून आई म्हणाली, "असं कसं नाव सांगेल? त्यांच्या घरचं जेवलीये ती."

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आधी खो खो हसलात. "खांदा की छाती! अगं, निदान 'एल्क' तरी लिहायचंस!" मग हसू थांबलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात आणि म्हणालात, "मी येतो. मी सांगतो त्यांना. मात्र काकूला यातलं काही कळता कामा नये."

त्या भेटीला तुम्ही आला नाहीत. मेसेज आला: मोटरवेवर अडकलोय, सॉरी बेटा, पुढच्या वेळी नक्की.

मी त्या दिवशी तुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये होते, काका. तुमची गाडी घरासमोर ड्राइव्हवर उभी होती.

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुमची गाडी बिघडली असेल, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या गाडीतून गेला असाल, अशी कारणं मीच शोधली. पण रात्री झोप लागेना. रायफलचं लायसन्स देणाऱ्या पोलिसांना तुमच्या हाताबद्दल ठाऊक आहे का? तुम्ही त्या ऑफिसात येऊन बसलात, पोलिसांपर्यंत तुमचं नाव गेलं, तर कुणीतरी म्हणणार, डॉक्टर, जरा हात पुढे करा. तुमची रायफल गेली असती. म्हणजे माझं वर्ष आणि तुमची रायफल एका तराजूत होती, आणि हे तुम्हाला माझ्याआधी समजलं होतं.

त्या भेटीला मी एकटीच गेले होते. "ट्रॅफिकमध्ये अडकलेत," म्हणाले. हेलनबाईंनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली आणि ही शेवटची म्हणून बजावलं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी. शब्द दिला." मी म्हणाले, "रायफलचा की रिव्हॉल्व्हरचा?" तुम्ही हसला नाहीत. तुमच्याशी झालेलं माझं ते शेवटचं बोलणं. टोमणा होता तो. मागे घेता येत नाही.

मंगळवारी सकाळी चहा पिता पिता तुम्ही गेलात.

तुमच्या हृदयाच्या दुखण्याबद्दल तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणे. कळलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, एवढंच सांगते.

घरात मृत्यू झालाय एवढंच मी कळवलं, तेव्हा हेलनबाईंनी भेट फ्युनरलनंतर ठेवली. तुमचं नाव मी तोपर्यंत घेतलं नव्हतं. आता घेतलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता? ज्याला विचारता येत नाही अशाच माणसाचं नाव बरं पुढे आलं! आणि काकूंचा विचार मनात यायचा. घरात माणसं येत होती, दिवस कधीपासून धरायचे यावर फोनवरून पुण्याशी वाद चालले होते. इथे अंत्यविधीला इतके दिवस लागतात की सुतक कुठून मोजायचं ते भटजींनाही सांगता येत नव्हतं. अशात त्यांना हे कसं सांगू?

पण पोलीस तुमची रायफल न्यायला आले तेव्हा मी तिथे होते. कपाट रिकामं झाल्यावर काकू म्हणाल्या, "चला, आता तरी सुटली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अमेरिकेचं काय ते तू सांगशील, की मीच सांगू?"

त्यांना सगळं ठाऊक होतं, काका. तुमच्या शर्टाची बटणं त्याच लावत होत्या ना? अमेरिकेत मित्राकडे जायचंय असं त्यांना सांगून तुम्ही जाड बूट आणलेत, ते कशाला, एवढं त्यांना कळत होतं. कन्झर्व्हेटरीचं दार काचेचं आहे, हे आपण दोघं विसरलो होतो. बेसनाची पिशवी घेऊन तुम्ही उभे असताना त्या देवळातून परत आल्या होत्या आणि बाहेरूनच मागे फिरल्या.

"तुम्ही त्यांना अडवलं का नाही?" मी विचारलं.

"अडवणारच होते. तिकीट काढल्यावर. नुसतं ठरवण्यात ते इतके खुशीत होते गं."

मी त्यांना युनिव्हर्सिटीचं सगळं सांगितलं. फक्त ड्राइव्हवरच्या गाडीचं सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुरुवारी येणार म्हणाले होते तुला?"

"हो."

"मला म्हणाले होते, गुरुवारी चष्म्याच्या दुकानात जायचंय. निळा शर्ट इस्त्री करून ठेव म्हणाले."

चष्म्यासाठी इस्त्रीचा शर्ट कशाला? पण तुम्ही दूध आणायलाही इस्त्रीचा शर्ट घालायचात. आणि माझ्याकडे येणार असतात, तरी काकूंना तुम्ही चष्म्याचंच सांगितलं असतंत. मी किती उलटसुलट विचार केला. कुठूनही धरलं तरी तुम्ही निसटता.

सुतक संपलं की नाही याचा घोळ चालू असतानाच काकू माझ्याबरोबर आल्या. मी नको म्हणत होते. "पोरीला एकटं पाठवून हे सुतक कुणासाठी पाळू?" म्हणाल्या. पांढरी साडी, वरून कोट, पायात ट्रेनर्स. हेलनबाईंसमोर बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मी हिची काकू. नात्याने नाही, ते विचारू नका. माझ्या नवऱ्याने हिला गणित घातलं होतं, कारण मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. मुलगी चांगली आहे. तिने त्यांना लहान बंदूक घ्यायला सांगितली."

हेलनबाई पहिल्यांदाच हसल्या. मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. हॉस्पिटल सांगितलं, तुम्ही किती वर्षं शिकार करत होता ते सांगितलं. काकूंनी पोलिसांनी रायफल नेल्याचं सांगितलं. हेलनबाईंनी सगळं टाइप केलं. पुढे पाठवायची गरज नाही, म्हणाल्या. रेफरन्स त्याच आठवड्यात मिळेल.

मग त्यांनी विचारलं, "एकच राहिलं. तू दोन्ही वेळा म्हणालीस की ते स्वतः येऊन सांगणार आहेत. ते खरंच येणार होते का?"

त्या प्रश्नावर आता काही अवलंबून नव्हतं. मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. तेच खरं होतं. काकू माझ्याकडे न बघता कोटाचं बटण चाचपत होत्या. मला ती गाडी आठवली. बेसनाची पिशवी आठवली. मला तुमचा राग आला, आणि रागाच्या मध्येच आठवलं की पप्पा सोफ्याच्या कडेला बसले होते तेव्हा तुम्ही उठून त्यांच्या शेजारी, तसेच कडेला जाऊन बसला होतात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पप्पा अजून सांगतात.

"हो," मी म्हणाले. "ते येणार होते. गुरुवारी."

हेलनबाईंनी ते टाइप केलं.

बाहेर बस स्टॉपवर काकूंनी विचारलं, "खरं होतं का गं?"

"माहीत नाही, काकू."

बस आली. चढताना म्हणाल्या, "मलाही नाही."

काका, माझा संशय गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही, आणि तो घालवण्यासाठी तुमच्याकडून काही ऐकायची सोयही उरली नाही. पण युनिव्हर्सिटीच्या दप्तरी आता नोंद आहे की तुम्ही माझ्यासाठी निघाला होतात. तुम्ही निघाला असाल तर मी खरं बोलले. नसाल, तर या दोन वर्षांत तुम्ही मागितलं नव्हतंत असं हे एकच मी तुम्हाला दिलं आहे. ठेवून घ्या.